तीन-वीस, रेल्वे टाइम

कल्याण
मंगळवार, ता. २१ नोव्हेंबर १८९३
सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे, मुंबई टाइम

प्रिय लिओ,

या क्षणापर्यंत मी विश्राम सुताराच्या दुकानाबाहेर बसून चामड्याच्या पट्ट्याला आरीने भोके पाडत होतो. सात पाडून झाली, दोन राहिली आहेत. पट्टा कशाचा ते पुढे येईलच. आरी खाली ठेवून कागद घेतला, कारण हे पत्र आज लिहिले नाही तर उद्याच्या टपालात पडणार नाही आणि तुला वेळेवर मिळणार नाही. 'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण खोडाखोड केलेले पत्र पाठवायला मला आवडत नाही, म्हणून तो शब्द तसाच ठेवला आहे.

वर मुंबई टाइम असे मुद्दाम लिहिले. तू हसशील. आपल्या पट्ट्या बांधायच्या वर्गात सगळे हसायचे. स्टेशनातले घड्याळ मद्रासच्या वेळेने चालते आणि गावातले, कचेरीतले, दवाखान्यातले मुंबईच्या, म्हणजे स्टेशनापेक्षा अर्धा तास मागे. हे कल्याणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यात लिहून ठेवण्यासारखे काय, असे तू म्हणायचास. मी मात्र प्रत्येक वेळेपुढे 'रे. टा.' लिहायचो, म्हणून तू माझे नाव रेटा पाडलेस. "ए रेटा, जेवायची वेळ झाली काय, कोणच्या घड्याळानं?" यार्डातले खलाशी अजूनही मला त्याच नावाने हाक मारतात. फक्त आता त्यात थट्टा उरलेली नाही.

तुला ते रविवार आठवतात का? आरामखोलीच्या मागची शेड, जमिनीवर घातलेले पोते आणि त्यावर मेल्यासारखा पडलेला महिपत. रोगी व्हायला तो नेहमी एका पायावर तयार, कारण तेवढा वेळ झोपायला मिळायचे. तू मिसा आटोपून ठाण्याहून गाडीने यायचास, उशिराच यायचास, आणि आमचे पारशी डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आव लिओ, तुजा मानस मरून गेला बग, तू देवाकडे होता तवर." त्यांचे मराठी अर्धे गुजराती असे, पण त्यांनी सांगितलेले एक वाक्य मी विसरलेलो नाही. "बोंबलतो तो जिवंत हाय, दिकरा. जो चुप हाय त्याच्याकडे पैला जा." आधी श्वास बघायचा, मग नाडी, मग चेहऱ्याचा रंग, मग रक्त. रक्त नुसते झिरपते आहे की उडते आहे. उडत असेल तर बाकी सगळे सोडून आधी अंगठा. तीन टोकांचे फडके, त्यात नाडीवर बसणारा गोटा, गाठीत काठी आणि काठीला पीळ, रक्त थांबेपर्यंत. एवढे झाले की लगेच चिठ्ठी. कोणता अवयव आणि बांधल्याची वेळ, छातीवर टाचणीने लावायची. "पट्टी बांधली की घड्याल चालू झाला. बांधलेला पाय उपाशी हाय. किती वेल उपाशी हाय ते डाक्तरला कलला पायजे." मी विचारले होते, कोणत्या घड्याळाने? सगळा वर्ग खो खो हसला होता. डॉक्टर हसत म्हणाले, "रेल्वेमाँ रेल्वेचा घड्याल, बीजा कोन?" पण दवाखान्यातला डॉक्टर रेल्वेतला नसतो, हे माझ्या डोक्यातून जाईना.

मराठी चौथीनंतर माझी शाळा सुटली. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मी डब्यांवरून शिकलो. यार्डात उभ्या डब्यांचे नंबर टिपून कचेरीत द्यायचे, हे काम मिळाले तेव्हा एक आकडा चुकला तर एक डबा हरवतो, या भीतीने मी पहिले सहा महिने प्रत्येक पान दोनदा लिहीत असे. तू ब्रेकव्हॅनमधला माणूस, तुला लिहिण्याचे काम नाही, पण वर्गाच्या परीक्षेला चिठ्ठी लिहावी लागणार म्हणून घाबरला होतास. मग तुझ्या घराच्या मागच्या ओट्यावर पाटी घेऊन मी तुला आकडे गिरवायला लावले. तुझा पाच नेहमी उलटा पडायचा. मी तुला माझी युक्ती दाखवली, आधी पोट काढायचे आणि वरची काडी शेवटी, जराशी उचललेली, पोपटाच्या शेपटीसारखी. तू ओटाभर पोपट काढलेस. तुझ्या आईने तळलेले गरम फुगे आणून दिले आणि मी ते खाल्ले. तुमच्या घरी खाल्ले हे आमच्या घरी कळले असते तर मला आंघोळ घालून दारातच उभे केले असते. तू कधी कोणाजवळ बोलला नाहीस. एखादी गोष्ट पोटात ठेवणे तुला किती चांगले जमते हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

गुरुवार, ता. ९ फेब्रुवारी. तू होतास, तरीही मी लिहितो, कारण पुढचे सगळे त्या दिवसावर उभे आहे. दोन डबे जोडायला महिपत मध्ये शिरला आणि साखळी टाकून बाहेर येताना रुळावर घसरला. चाक डाव्या पावलावरून गेले. मी चौथ्या रुळावर नंबर टिपत होतो. ओरडणे ऐकू आले ते महिपतचे नव्हते, गोविंदा सांधेवाल्याचे होते. महिपत गप्प पडला होता, म्हणून मी धावलो. तू ब्रेकव्हॅनमधून उडी टाकून माझ्या आधी पोचलास. आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आठवते? रक्त उडत होते, लाल भडक. तू जांघेत दोन्ही अंगठे रोवलेस आणि ते उडायचे थांबले. गुडघ्याच्या वर मी फडके बांधले. काठी हाताशी नव्हती, तेव्हा गोविंदाच्या हिरव्या निशाणाची काठी घेतली आणि तिला पीळ दिला. तू हळूहळू अंगठे उचललेस. थेंबसुद्धा आला नाही. त्या वेळी तू माझ्याकडे पाहिलेस तसे आजवर कोणी माझ्याकडे पाहिलेले नाही. महिपत शुद्धीवर आला आणि त्याने विचारले काय, तर "परशुराम, माझी वहाण बघ रे, नवी हाय, कोन तरी नेईल." पायाचे त्याने विचारलेच नाही. तू म्हणालास, "वहाण मी बघतो बाबा, तू पडून राहा." तुझे हात रक्ताने माखलेले होते आणि तू हसत होतास.

मग मी नंबराच्या वहीचे पान फाडले. घाईत सरळ फाटले नाही, खालचा कोपरा वहीतच राहिला. डावा पाय, 3-20, रे. टा. एवढेच लिहिले. नाव घालायचे नाही, चिठ्ठी रोग्याची असते, आपली नसते, असे डॉक्टरांनीच सांगितले होते. पान महिपतच्या बंडीवर टाचले. तीन-पस्तीसला तुझी मालगाडी ठाण्याला निघाली. यार्ड सोडून मला जाता येत नव्हते. तू त्याचे डोके मांडीवर घेऊन ब्रेकव्हॅनमध्ये बसलास आणि मला हाताने खूण केलीस, की मी आहे. त्या खुणेवर विसंबून मी पुन्हा चौथ्या रुळावर गेलो आणि उरलेले बावीस डबे टिपले. त्यात एकही चूक नव्हती.

पुढचे मला अठरा दिवसांनी कळले, सोमवारी, ता. २७ ला, चौकशीच्या टेबलापुढे. महिपतचा पाय मांडीपासून काढला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा कागद साहेबांनी वाचून दाखवला. रोगी त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांच्या घड्याळात सव्वाचार झाले होते आणि चिठ्ठीवर तीन-पन्नास होते. पंचवीस मिनिटांपूर्वीच बांधलेला पाय आहे, तो थांबू शकतो, असे समजून त्यांनी आधी एका अडलेल्या बाळंतिणीला घेतले. पट्टी सोडली तोवर साडेपाच वाजून गेले होते. पाय बांधला होता तेव्हा त्यांच्या घड्याळात पावणेतीनला पाच मिनिटे कमी, चुकलो, दोन-पन्नास झाले होते. म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे पाय उपाशी. त्यांनी पुढे लिहिले होते की पाऊल वाचणारे नव्हतेच, पण चिठ्ठीवर खरी वेळ असती तर हा रोगी आधी घेतला असता आणि गुडघा बहुधा राहिला असता.

साहेबांनी विचारले, चिठ्ठी कोणी लिहिली? तू टोपी हातात घेऊन उभा होतास. तू म्हणालास, "चिठ्ठी परशुरामने लिहिली, साहेब. मी नुसता घेऊन गेलो." मी म्हणालो, मी तीन-वीस लिहिले होते. साहेबांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर तीन-पन्नास होते. पाचाची वरची काडी शेवटी ओढलेली होती, जराशी उचललेली, पोपटाच्या शेपटीसारखी. यार्डाची डायरी सांगत होती की अपघात तीन-पंधराला झाला, तेव्हा साहेबांना फार विचार करावा लागला नाही. दोन घड्याळांचा हिशोब करायला गेला, अर्धा तास वजा करायच्या ऐवजी मिळवला, आणि तोही या सदान्‌कदा घड्याळाचे बोलणाऱ्याने, असे त्यांनी हेडक्लार्काला सांगितले आणि दोघे हसले. मी तुझ्याकडे पाहिले. तू टोपीच्या आतले अस्तर बघत होतास.

आता तुला एक सांगतो जे मी कोणाला सांगितलेले नाही. त्या क्षणी मला वाटले की मीच चुकलो असेन. माझा पाच तर समोर होता. हात रक्ताने बरबटले होते, जीव घाबरला होता, लिहिले असेल तीन-पन्नास. आठ महिने मी हेच मानले. माझे वर्गाचे प्रशस्तिपत्र काढून घेतले, स्टेशनातल्या पाटीवरच्या नावांतून माझे नाव खरवडून काढले, नंबर टिपण्याचे काम गेले आणि मला मालधक्क्यावर पोती मोजायला बसवले. कोणा जखमी माणसाला हात लावशील तर नोकरी जाईल, अशी ताकीद मिळाली. या सगळ्याचे मला इतके लागले नाही. मला लागले ते असे, की मी रोज वहीत तीन आणि वीस लिहून बघत असे, कितव्या वेळेला वीसचे पन्नास होते ते बघायला. एकदाही झाले नाही. तरी मी माझ्या हातावरच संशय घेतला, तुझ्यावर घेतला नाही. ईस्टरनंतर तुझ्या बहिणीचे, स्टेलाचे लग्न झाले. मला बोलावणे आले नाही तेव्हाही मला वाटले, महिपतच्या गुडघ्यामुळे तू माझ्यावर रागावला आहेस आणि ते बरोबरच आहे.

गणपतीच्या आधी बंदरावर एक प्रसंग घडला. गलबतातून कौले उतरवताना एक हमाल फळीवरून पडला आणि त्याच्या दंडात लोखंडी आकडा घुसला. रक्त उडत होते. मी दहा पावलांवर होतो, फडके नेहमीसारखे माझ्या खिशात होते. मी पुढे झालो तसा दगडू मुकादम मध्ये आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "ए रेटा, तू लांब हो! तुझा हात लागला की मानसाचा पाय जातो." लोक हसले. हमालाची दातखीळ बसत चालली होती. भाकऱ्या विकणारी हौसाबाई त्याच्या अंगाशी बसली होती, तिला मी लांबूनच सांगू लागलो, मावशी, दंडाच्या आतल्या बाजूला, दोन स्नायूंच्या मध्ये, हाडावर अंगठा दाबा. ती म्हणाली, "मेल्या, सांगतोस काय तिथनं, तूच ये की!" मी म्हणालो, मला येता येत नाही मावशी, तुम्ही दाबा, आणखी वर, आणखी जोरात. तिने दाबले, थांबले. फडके मी चेंडू करून तिच्याकडे फेकले. गाठ कशी, काठी कुठे, सगळे बोलून सांगितले, हात पाठीमागे धरून. चिठ्ठी कोणाला लिहिता येईना. शेवटी हौसाबाईने चुलीतला कोळसा घेतला आणि मी सांगितल्याप्रमाणे हमालाच्या कपाळावर दहा रेघा ओढल्या, दहा वाजले होते म्हणून. मुंबई टाइम, हे मी डोली उचलणाऱ्यांकडून तीनदा वदवून घेतले. तो जगला, हातही राहिला. पण त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. मला ज्या एका कामाची मनापासून ओढ होती ते काम माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या हातांनी करवून घ्यावे लागले, आणि माझे स्वतःचे हात माझे शत्रू आहेत असे मी मानत होतो.

महिपत मला भेटत नसे असे नाही, मीच जात नव्हतो. कोणत्या तोंडाने जाणार? रेल्वेची खोली सोडून तो आणि त्याची बायको शेणाळे तळ्याच्या काठी एका पडवीत राहायला गेले. गेल्या महिन्यात, दसऱ्याला, आपट्याची पाने घेऊन मी धीर करून गेलो. महिपत खाटेवर बसून दोरखंड वळत होता. मला बघून म्हणाला, "आलास व्हय? वहाण सापडली का माझी?" मी दारातच रडलो. त्याची बायको मालन म्हणाली, "रडू नका भावजी, आमचं रडून झालंय समदं." मग मी त्याच्या पायाला हात लावून म्हणालो की माझी वेळ चुकली, मला माफ कर. महिपत मालनकडे बघू लागला, मालन महिपतकडे. तो म्हणाला, "तुझी कशी चुकल? तुझी चिठ्ठी तर दाक्तरापतुर गेलीच न्हाई."

मुंब्र्याच्या बोगद्यात महिपतला ओकारी आली, असे तो म्हणाला. तू त्याला कुशीवर वळवलेस. ते बरोबरच केलेस, डॉक्टरांनी तसेच शिकवले होते. गाडी अंधारात होती, टाचणी निसटली आणि चिठ्ठी कुठे गेली ते तुला दिसले नाही. बोगद्याबाहेर आल्यावर तू तिला खूप शोधलेस, ब्रेकव्हॅनच्या फळ्यांवर हाताने चाचपलेस, मेरीचे नाव घेतलेस. ठाण्याला डोली यायच्या आधी तू कोणाकडून तरी कोरा कागद मागितलास आणि दुसरी लिहिलीस. लिहिताना पुटपुटत होतास, म्हणाला महिपत, "दवाखान्याचा घड्याळ येगळा, अर्धा तास, अर्धा तास." म्हणजे तीन-वीस तुझ्या लक्षात होते, लिओ. दवाखान्यातल्या डॉक्टरांना सोपे जावे म्हणून तू त्यांच्या घड्याळाची वेळ लिहायला गेलास आणि अर्धा तास मागे जायच्या ऐवजी पुढे गेलास. माझ्या इतक्या टोचणीमुळेच तुला दोन घड्याळांची आठवण झाली असणार. ही चूक मी तुला केव्हाच माफ केली आहे. मी तिथे असतो तर माझ्याही हातून झाली असती. हात रक्ताने माखलेले असताना कोण बेरीज-वजाबाकी करतो?

मालन उठली आणि कुंकवाच्या पेटीतून एक कागद काढून घेऊन आली. महिपतच्या मुंडाशाच्या घडीत तो चिकटून राहिला होता. दवाखान्यात मुंडासे तिच्या हवाली केले तेव्हा तिला सापडला. तिला वाचता येत नाही. नवऱ्याच्या रक्ताचा कागद टाकायचा कसा, म्हणून तिने जपून ठेवला. तो मेणासारखा कडक झाला आहे आणि तांबूस पडला आहे. डावा पाय. 3-20. रे. टा. खालचा कोपरा नाही. तो कोपरा फेब्रुवारीच्या नंबरवहीत आहे, सत्तेचाळिसाव्या पानाच्या जागी, आणि ती वही कचेरीच्या दप्तरात आहे. त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर पडलेल्या चिठ्ठीवर 'रे. टा.' नव्हतेच, हे मला आठ महिन्यांनी, त्या पडवीत उभे असताना कळले. मी वेळ लिहिली आणि 'रे. टा.' लिहिले नाही असे कधी झाले आहे का? हे फक्त एका माणसाला ठाऊक होते, आणि तो अस्तर बघत होता.

त्या दिवसापासून मी तुझे एकच वाक्य घोळवतो आहे. चिठ्ठी परशुरामने लिहिली. तू खोटेही बोलला नाहीस. मी लिहिली होतीच. खोटे बोलला असतास तर मला इतके लागले नसते. घाबरलेला माणूस खोटे बोलतो, मीही बोलेन. पण तू आधी शोधून, निवडून, खऱ्यातलेच एक वाक्य काढलेस आणि ते माझ्या पायाखाली ठेवलेस. कबुलीच्या वेळी पाद्रीबाबांना सांगतानाही त्यात पाप सापडू नये, असे ते वाक्य आहे. आणि पुढे आठवडा नाही, महिना नाही, नऊ महिने. या मधल्या काळात दोनदा तुझी गाडी मालधक्क्यावर माझ्यासमोर उभी राहिली. तू पाणी प्यायलास आणि गेलास. तुझ्या घरी लग्न होते, तुझी नोकरी नवी होती, हे सगळे मी तुझ्या वतीने स्वतःला सांगून पाहिले. माझ्याही घरी म्हातारे वडील आहेत, लिओ. तू नुसते यार्डाच्या मागे मला गाठून म्हणाला असतास की अरे रेटा, माझ्या हातून असे झाले, तर मी चूक माझ्या अंगावर घेतली असती. शपथ घेऊन सांगतो, घेतली असती. तू मला विचारायलाच हवे होतेस. न विचारता घेतलेस.

आता तुझ्याबद्दल कळले आहे की पुढच्या महिन्यापासून ठाण्याला जो नवा वर्ग निघतो आहे त्यात पट्ट्या बांधायला तूच शिकवणार आहेस. तू चांगला शिकवशील. तुझे अंगठे माझ्यापेक्षा चांगले आहेत. पण चिठ्ठीचा धडा येईल तेव्हा तू काय सांगशील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून हे पत्र. मी अर्ज केला होता, तो साहेबांनी मंजूर केला आहे. येत्या शुक्रवारी, ता. २४ ला, कल्याणच्या कचेरीत फेरचौकशी आहे. मालन कागद घेऊन येणार आहे, महिपत स्वतः चालत येणार आहे, दप्तरातून फेब्रुवारीची वही काढून ठेवायला सांगितली आहे. मी सगळे बोलणार आहे आणि तुझे नाव घेणार आहे. तुझी नोकरी जाईल का ते मला माहीत नाही; जाऊ शकते. तू माझ्याविषयी काय सांगितलेस ते मला टेबलापुढे उभा असताना, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा कळले. तुझ्याविषयी मी काय सांगणार आहे ते तुला दोन दिवस आधी, एकट्याला, घरी कळावे, एवढ्यासाठी लिहिले. माझ्या आधी तू बोललास तर मी एक शब्दही बोलणार नाही, आणि कागद मालनच्या पेटीतच राहील. वेळ अकराची आहे. रेल्वे टाइम. तुमच्या चर्चच्या घड्याळात तेव्हा साडेदहा झालेले असतील. अर्धा तास आधी, लिओ, नंतर नव्हे.

शुक्रवारी अकरापर्यंत तुझाच,
परशुराम

ता. क. पट्ट्याचे सांगायचे राहिले. महिपतच्या लाकडी पायाचा आहे. तुझ्याकडे काही मागत नाही, पण मी कशाचाही हिशोब लिहिल्यावाचून राहू शकत नाही हे तुला ठाऊक आहे.

सागाचे लाकूड: १ रु. ४ आणे
विश्राम सुताराची मजुरी: २ रु.
चामड्याचे पट्टे, बकला: १ रु. २ आणे
मांडीखाली गादीला कापूस व जीनचे कापड: ३ आणे
एकूण: ४ रु. ९ आणे
मी दिले: ३ रु.
देणे राहिले: १ रु. ९ आणे
गुडघ्याला बिजागरी: लोहाराने दोनदा करून पाहिली, बसली नाही. त्याने पैसे घेतले नाहीत.